मैदाने भरली, तिजोरी रिती : ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक सॉकरचा ताळेबंद

मालाला मागणी नाही म्हणून एखादी पेढी बसली, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु मागणी उदंड आहे, दारात माणसांची रीघ आहे आणि तरीही वर्षाअखेर हाती शिल्लक उरत नाही, असे घडू लागले म्हणजे जाणता व्यापारी वह्या उघडून बसतो. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक सॉकरची अवस्था नेमकी अशी आहे.

१६ ऑगस्ट २०२३ रोजी सिडनी येथे महिला विश्वचषक स्पर्धेचा उपान्त्य सामना ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्यात झाला. सुमारे २ कोटी ६० लाख लोकवस्तीच्या त्या देशात हा सामना दूरचित्रवाणीवर सरासरी ७० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. ऑस्ट्रेलियाचा संघ हरला, पण देशाने त्याला डोक्यावर घेतले. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच देशातील व्यावसायिक लीग चालविणाऱ्या संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना कमी केले. लोकप्रियतेचा कळस आणि नोकरकपात यांमध्ये पुरते अर्धे वर्षही गेले नाही.

ऑस्ट्रेलियात क्लबांमधून खेळल्या जाणाऱ्या सांघिक खेळांत सहभागाच्या दृष्टीने सॉकर आघाडीवर आहे. शनिवार-रविवारी उपनगरांतील मैदाने मुलामुलींनी फुललेली असतात. मग हा पैसा, हा उत्साह आणि हे प्रेम सर्वोच्च लीगपर्यंत का पोहोचत नाही? उत्तर शोधण्यासाठी प्रथम थोडे मागे जावे लागते.

परक्यांचा खेळ

ऑस्ट्रेलियात 'फुटबॉल' हा शब्द सर्वत्र एकाच खेळासाठी वापरला जात नाही. मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ येथे त्याचा अर्थ होतो ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे लंबगोल चेंडूचा, हातापायांनी खेळावयाचा त्यांचा स्वतःचा खेळ. सिडनी व ब्रिस्बेन येथे बहुतेकांच्या मनात रग्बी लीग येते. मेलबर्नच्या लीगचा पहिला हंगाम १८९७ मध्ये, तर सिडनीच्या रग्बी लीगचा १९०८ मध्ये खेळला गेला. गावोगावची मैदाने, शाळा, वृत्तपत्रांचे रकाने आणि पुढे दूरचित्रवाणीची वेळ या दोन खेळांनी आधीच वाटून घेतली होती. बाजारात उशिरा आलेल्या दुकानदाराला मोक्याची जागा मिळत नाही, तसे सॉकरचे झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, हंगेरी, माल्टा या देशांतून लाखो लोक ऑस्ट्रेलियात आले. नव्या देशात भाषा परकी, शेजार परका. आपला म्हणावा असा एकच ठेवा त्यांच्याजवळ होता, तो म्हणजे हा खेळ. त्यांनी क्लब काढले. मेलबर्नमध्ये ग्रीकांचा साउथ मेलबर्न हेलास, सिडनीत इटालियनांचा मार्कोनी आणि ग्रीकांचा सिडनी ऑलिंपिक, क्रोएशियनांचे दोन्ही शहरांतील संघ, ज्यूंचा हाकोआ. हे केवळ खेळाचे संघ नव्हते. तेथे लग्ने जमत, नोकऱ्यांची माहिती मिळे, वृद्धांना मातृभाषेत बोलायला माणूस भेटे. परगावी गेलेला समाज प्रथम आपले एकत्र येण्याचे ठिकाण उभे करतो, ही रीत सर्वत्र सारखीच आहे.

या क्लबांचे मोल किती होते, हे आंगे पोस्टेकोग्लू यांच्या उदाहरणावरून कळते. ग्रीसमध्ये जन्मलेला हा मुलगा पाच वर्षांचा असताना आईवडिलांसह मेलबर्नला आला आणि साउथ मेलबर्न क्लबात वाढला. हंगेरीचे विश्वविख्यात खेळाडू फेरेंक पुश्काश १९८९ ते १९९२ या काळात त्याच क्लबाचे प्रशिक्षक होते आणि पोस्टेकोग्लू त्यांच्या हाताखाली कर्णधार होते. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलियाने २०१५ चा आशिया चषक जिंकला आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम संघाने युरोपा लीग जिंकली. स्थलांतरितांच्या एका क्लबातून असा माणूस घडला.

१९७७ मध्ये नॅशनल सॉकर लीग सुरू झाली. देशव्यापी क्लब-स्पर्धा भरविण्यात सॉकरने इतर फुटबॉल-प्रकारांना मागे टाकले होते, ही गोष्ट आज अनेकांच्या स्मरणात नाही. तथापि ज्या समाजांनी क्लब उभारले, त्यांच्या कुंपणाबाहेरचा प्रेक्षक फारसा आला नाही. मोठ्या कंपन्या प्रायोजकत्वास बिचकत. सामन्यांत जुन्या देशांची भांडणे उफाळत आणि वृत्तपत्रे तीच मोठ्या अक्षरांत छापीत. १९९६ मध्ये तत्कालीन अध्यक्ष डेव्हिड हिल यांनी क्लबांना आपली वांशिक नावे व चिन्हे काढून टाकण्यास सांगितले. नवा प्रेक्षक त्यामुळे फारसा आला नाही, जुना मात्र दुखावला गेला.

जुनी पाटी उतरली, नवी लागली

२००३ मध्ये डेव्हिड क्रॉफर्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सॉकरच्या कारभाराचा अहवाल दिला. संघटना गटातटांत अडकलेली आहे, कारभाराची घडी मुळापासून नव्याने बसविली पाहिजे, असा त्याचा रोख होता. केंद्र सरकारची आर्थिक मदत या सुधारणांशी बांधली गेली. त्याच वर्षी अध्यक्षपदी फ्रँक लोवी आले.

लोवी यांची जीवनकथा व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १९३० मध्ये चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, ज्यूंच्या संहारातून वाचलेला हा तरुण १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात आला. पश्चिम सिडनीतील ब्लॅकटाउन येथे एका भागीदारासह त्याने खाद्यपदार्थांचे छोटे दुकान टाकले. त्याच भागीदारीतून पुढे वेस्टफील्ड हा शॉपिंग सेंटरांचा जगभर पसरलेला व्यवसाय उभा राहिला. हाकोआ क्लबाची धुराही त्यांनी वाहिली होती. १९८७ चा हंगाम सुरू होताच पहिल्या फेरीनंतर त्यांनी तो संघ राष्ट्रीय लीगमधून काढून घेतला होता. जुन्या व्यवस्थेत व्यवहार जुळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष तेव्हाचाच.

जुनी लीग २००४ मध्ये बंद झाली. ऑगस्ट २००५ मध्ये आठ संघांची 'ए-लीग' सुरू झाली. परवाना मध्यवर्ती संस्थेने द्यायचा, एका शहराला आरंभी एकच संघ, खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आणि संघाचे नाव शहराचे, समाजाचे नव्हे, असे तिचे नियम होते. साउथ मेलबर्न, मार्कोनी, सिडनी ऑलिंपिक हे जुने क्लब राज्य पातळीवरच राहिले.

आरंभ उत्तम झाला. १६ नोव्हेंबर २००५ रोजी उरुग्वेला पेनल्टींवर हरवून ऑस्ट्रेलिया १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला. १ जानेवारी २००६ पासून देश ओशनियाऐवजी आशिया खंडाच्या संघटनेत गेला, त्यामुळे मोठे सामने आणि मोठी बाजारपेठ खुली झाली. २००७-०८ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना सरासरी साडेचौदा हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. तो आकडा पुढे टिकविता आला नाही.

एकच मोठे गिऱ्हाईक

कोणत्याही व्यावसायिक लीगचे उत्पन्न मुख्यतः चार वाटांनी येते : प्रक्षेपणाचे हक्क, तिकिटे, प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री. ए-लीगने पहिल्या वाटेवर अतोनात भिस्त ठेवली. २००६ मध्ये फॉक्स स्पोर्ट्सशी सात वर्षांसाठी १२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार झाला. २०१३ पासूनच्या चार वर्षांसाठी १६ कोटी मिळाले. २०१७ पासून सहा वर्षांसाठी ३४ कोटी ६० लाखांचा करार झाला, म्हणजे वर्षाला सुमारे ५ कोटी ७७ लाख डॉलर. आकडे चढते होते. क्लबांनी खर्चही त्याच मापाने वाढविला.

२०२० मध्ये करोनाची साथ आली, सामने थांबले आणि फॉक्सने कराराचा फेरविचार केला. रक्कम मोठ्या प्रमाणात घटली, मुदतही आखूड झाली. २०२१ मध्ये पॅरामाउंट समूहाशी पाच वर्षांचा सुमारे २० कोटी डॉलरचा नवा करार झाला, म्हणजे वर्षाला सुमारे ४ कोटी. तुलनेसाठी ऑस्ट्रेलियन रूल्सच्या लीगकडे पाहावे. तिने २०२५ ते २०३१ या सात वर्षांसाठी साडेचार अब्ज डॉलरचा करार केला. तो वर्षाला ६४ कोटींच्या घरात जातो, सॉकरच्या सोळापट.

निम्म्याहून अधिक माल एकाच व्यापाऱ्याला विकणारा कारखानदार त्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगतो. अशा कारखान्याला कर्ज देताना कोणतीही बँक प्रथम हाच प्रश्न विचारते : हे गिऱ्हाईक उद्या गेले तर? ए-लीगच्या बाबतीत हा 'उद्या' २०२० मध्ये उगवला.

प्रक्षेपणातील घसरण थेट क्लबांच्या दारात पोहोचली. फॉक्सच्या काळात मध्यवर्ती संस्थेकडून येणाऱ्या वार्षिक वाट्यातून खेळाडूंच्या वेतनाचा भार बव्हंशी निघत असे. २०२४-२५ च्या हंगामात पुरुष-लीगच्या क्लबांचा हा वाटा सुमारे ५ लाख ३० हजार डॉलरवर आला. याच सुमारास वेतनाची कमाल मर्यादा २५ लाख डॉलरच्या आसपास होती. म्हणजे जेथे वेतनाला आधार मिळे, तेथे आता जेमतेम पाचवा हिस्सा येऊ लागला. उरलेली रक्कम मालकाने आपल्या खिशातून घालावी, अशी ही व्यवस्था झाली.

खर्च आटत नाही

उत्पन्न घटले तरी काही खर्च भूगोलच ठरवितो. लीगमध्ये पर्थचा संघ आहे आणि न्यूझीलंडमधील वेलिंग्टनचाही. या दोन शहरांतील अंतर पाच हजार किलोमीटरहून अधिक आहे. युरोपातील बहुतेक लीगांत संघ बसने सामन्याला जाऊन रात्री घरी परततो. येथे विमान, हॉटेल, दोन-तीन दिवसांचा मुक्काम आणि खेळाडूंचा थकवा हा प्रत्येक हंगामाचा ठरलेला खर्च आहे.

दुसरा प्रश्न मैदानांचा. बहुतेक क्लबांची स्वतःची स्टेडियम नाहीत. राज्य सरकारांच्या किंवा नगरपालिकांच्या जागा ते भाड्याने घेतात. तीस हजार आसनांच्या स्टेडियमात आठ हजार प्रेक्षक आले तर खुर्च्या ओस दिसतात, भाडे मात्र चुकत नाही. खाद्यपेयांची विक्री, वाहनतळ, जाहिरातफलक यांचे उत्पन्नही बहुधा पूर्णपणे क्लबाच्या हाती येत नाही. भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रश्न ऋतूचा. इतर दोन फुटबॉल हिवाळ्यात खेळले जातात. त्यांच्याशी टक्कर टाळण्यासाठी सॉकरची राष्ट्रीय लीग १९८९ पासून उन्हाळ्यात भरू लागली. परिणामी घरोघरची मुले हिवाळ्यात खेळतात आणि त्यांची सर्वोच्च लीग उन्हाळ्यात, समुद्रकिनाऱ्याच्या व क्रिकेटच्या दिवसांत चालते. २०११ पासून बिग बॅश ही वीस षटकांची क्रिकेट-लीगही त्याच संध्याकाळी आली. उन्हाळा सोडावा तर ऑस्ट्रेलियन रूल्स व रग्बी उभे, धरावा तर क्रिकेट उभे, अशी ही कोंडी आहे.

मालक येतात, मालक जातात

अशा व्यवस्थेत क्लबाचे आयुष्य मालकाच्या उत्साहाइतकेच असते. नॉर्थ क्वीन्सलँड फ्युरी आणि गोल्ड कोस्ट युनायटेड हे दोन संघ २००९ मध्ये आले. पहिला २०११ मध्ये बंद पडला. दुसऱ्याचे मालक क्लाइव्ह पामर हे खाणउद्योगपती. संघटनेशी त्यांचा संघर्ष विकोपाला गेला आणि २०१२ मध्ये परवाना रद्द झाला. न्यूकॅसल जेट्सचे मालक नेथन टिंकलर हेही खाणव्यवसायातले. त्यांच्याकडील परवाना २०१५ मध्ये काढून घेण्यात आला. जानेवारी २०२१ नंतर काही काळ जेट्सचा सांभाळ अन्य क्लबांच्या मालकांनी पदरमोड करून केला. पर्थ ग्लोरीच्या मालकाने २०२३ मध्ये परवाना परत केला आणि क्लब रिसीव्हरांच्या ताब्यातून पुढे नव्या मालकाकडे गेला.

वेस्टर्न युनायटेडचा प्रसंग अधिक बोलका आहे. मेलबर्नच्या पश्चिमेला झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत स्वतःचे स्टेडियम आणि भोवती जमीनविकास, या योजनेच्या बळावर त्यांना लीगमध्ये प्रवेश मिळाला. २०१९ मध्ये संघ उतरला आणि २०२२ मध्ये विजेता ठरला. पण ज्या मुख्य स्टेडियमच्या आशेवर सारा डोलारा होता ते उभेच राहिले नाही. २०२५ मध्ये खेळाडूंचे वेतन रखडले, परवान्यावर गदा आली आणि २०२५-२६ च्या हंगामातून संघाला बाहेर थांबावे लागले. मैदानावरचे विजेतेपद व ताळेबंदातील सुस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट दिसते. अशा प्रसंगी नुकसान मालकापुरते राहत नाही. ज्या तरुण खेळाडूने भाड्याचे घर घेतले, ज्या प्रशिक्षकाने दुसरी नोकरी सोडली, ज्या मुलीने त्या क्लबाच्या शाखेत सराव सुरू केला, त्या साऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सेंट्रल कोस्ट मरिनर्स हा गॉसफर्डसारख्या लहान ठिकाणचा क्लब. पैसा कमी म्हणून त्यांनी तरुण खेळाडू घडविण्यावर भर दिला. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विजेते ठरले आणि २०२४ मध्ये एएफसी कपही त्यांनी जिंकला. पश्चिम सिडनीतील वाँडरर्स संघ संघटनेने २०१२ मध्ये काही महिन्यांत उभा केला. त्या भागात स्थलांतरितांची दाट वस्ती, सॉकरची जुनी ओढ. लोक लोटले आणि २०१४ मध्ये संघ आशियाचा विजेता झाला. जमीन ओळखून पेरले तर पीक येते, हे या दोन क्लबांनी दाखविले.

मुदलाला हात

२०२० च्या अखेरीस लीगचा कारभार राष्ट्रीय संघटनेपासून वेगळा होऊन क्लबमालकांच्या संस्थेकडे आला. मालकांची ही जुनी मागणी होती : पैसा आमचा, तर निर्णयही आमचे. डिसेंबर २०२१ मध्ये सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने सुमारे एकतृतीयांश हिस्सा १४ कोटी डॉलरला घेतला. इतकी मोठी रक्कम या खेळात एकरकमी प्रथमच आली होती.

या रकमेचे काय झाले, हा सर्व प्रकरणाचा गाभा आहे. काही भाग क्लबांना मिळाला. मोठा भाग 'कीप-अप' नावाच्या बातम्या व चित्रफितींच्या डिजिटल मंचावर खर्च झाला. लाखो सॉकरप्रेमी एका ठिकाणी गोळा होतील, त्यांची माहिती हाती येईल आणि त्यातून तिकिटे, वस्तू, जाहिराती विकता येतील, असा तर्क होता. तर्क कागदावर चुकीचा नव्हता. पण इंग्लंडची प्रीमियर लीग पाहणारा ऑस्ट्रेलियन प्रेक्षक त्या बातम्यांसाठी नव्या दुकानाची वाट का धरील, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. जानेवारी २०२४ मध्ये तो मंच आटोपता घेण्यात आला आणि आरंभी उल्लेखिलेली नोकरकपात झाली.

हिस्सा विकून आलेला पैसा हे भांडवल असते, उत्पन्न नव्हे. ते स्टेडियम, प्रशिक्षण केंद्र किंवा मुदतठेव यांत गुंतविले असते तर पुढील वीस वर्षे त्याचे फळ मिळाले असते. ते चालू खर्चात आणि न तपासलेल्या योजनेत विरघळले. हिस्सा मात्र कायमचा गेला. घरची जमीन विकून आलेल्या पैशांत घरखर्च चालवू नये, हा आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा दंडक जगातील कोणत्याही हिशेबशास्त्रात तितकाच खरा आहे.

पत गेली त्याची कथा

पैशाहून मोठे नुकसान पतीचे झाले. ३ डिसेंबर २०२२ रोजी कतारच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया बाद फेरीत अर्जेंटिनाकडून २-१ असा हरला. तरीही मेलबर्नच्या चौकात पहाटे हजारो लोक जमले होते. लीगला नवे प्रेक्षक मिळण्याची यापेक्षा चांगली संधी नव्हती.

१२ डिसेंबरला संस्थेने जाहीर केले की पुढील तीन वर्षांचे अंतिम सामने सिडनीतच होतील आणि त्यासाठी न्यू साउथ वेल्स राज्याच्या पर्यटन विभागाकडून मोबदला मिळेल. तोपर्यंत अंतिम सामना सरस ठरलेल्या संघाच्या गावी होत असे. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो त्यांच्या संघाने कमावलेला मान होता. तो विकला गेला असे त्यांना वाटले. १७ डिसेंबरला मेलबर्नच्या दोन संघांच्या सामन्यात निषेधाला हिंसक वळण लागले. जमाव मैदानात घुसला, गोलरक्षक टॉम ग्लोव्हर यांच्या तोंडावर वाळूची बादली आदळून ते जखमी झाले आणि सामना थांबवावा लागला. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही, आणि मेलबर्न व्हिक्टरी क्लबाला साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला. परंतु दोन आठवड्यांपूर्वी जी लाट आली होती, ती ओसरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेने तो निर्णय मागे घेतला. मोबदल्याचा आकडा खातेवहीत लिहिता येत होता, गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा नाही. म्हणूनच तो सौदा करताना विश्वासाची किंमत शून्य धरली गेली.

तुटलेली शिडी

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक दोष आहे. युरोपात गावचा लहान क्लब जिंकत गेला तर वरच्या श्रेणीत चढतो आणि हरणारा खाली उतरतो. ऑस्ट्रेलियात वरची लीग बंद दाराची आहे. परवाना विकत घेणारा आत, बाकी बाहेर. मालकांच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण कोट्यवधी घातल्यावर एका वाईट हंगामाने खाली जाण्याची जोखीम कोण पत्करील? पण खालच्या शेकडो क्लबांसाठी वर जाण्याची वाटच उरत नाही. २०२२ मध्ये सिडनी युनायटेड ५८ हा जुना क्रोएशियन मुळांचा क्लब राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत धडकला, तरी वरच्या लीगचे दार त्याला उघडले नाही.

तळाचा पैसा वर न जाण्याचे कारण हेच. पालक मुलांच्या प्रशिक्षणासाठी क्लबांना शुल्क देतात. वरच्या गटांत ते वर्षाला अनेक ठिकाणी दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. अल्प उत्पन्नाच्या घरातील गुणी मूल येथेच अडते. ए-लीगच्या क्लबांमध्ये आपसांत खेळाडूंच्या हस्तांतरणाचे शुल्कही दीर्घकाळ नव्हते. त्यामुळे खेळाडू घडविणाऱ्याला घडविल्याचा योग्य मोबदला देशातच मिळत नसे. जगभर लहान क्लब ज्या उत्पन्नावर जगतात, ती वाट येथे उशिरा खुली झाली.

खाण मात्र रिकामी नाही. टांझानियातील निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला नेस्टोरी इरानकुंडा ॲडलेड युनायटेडमधून २०२४ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिककडे गेला. दक्षिण सुदानी कुटुंबातील गारांग कुओल सेंट्रल कोस्टमधून इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडकडे गेला. पन्नास-साठच्या दशकांत ग्रीक व इटालियन मुले ज्या वाटेने आली, त्याच वाटेने आता आफ्रिकेतील मुले येत आहेत. हा खेळ आजही नव्याने आलेल्या माणसाला देशाशी जोडतो. लीग डबघाईला आली तर ही वाट अरुंद होईल, आणि हे नुकसान पैशांत मोजता येणार नाही.

महिलांच्या सॉकरचेही असेच आहे. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांची तिकिटे हातोहात संपतात, परंतु महिला-लीगमधील अनेक खेळाडूंना चरितार्थासाठी दुसरे काम करावे लागते. विश्वचषकाचे यजमानपद भूषवूनही राष्ट्रीय संघटनेला २०२४ मध्ये ८० लाख डॉलरहून अधिक तूट आली. उत्सवाची गर्दी वर्षभराच्या गिऱ्हाइकीत बदलण्याचे काम अजून बाकी आहे.

मुंबईपर्यंत पोहोचणारा धागा

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१४ मध्ये मेलबर्न हार्ट विकत घेऊन त्याचे मेलबर्न सिटी केले. त्याच समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा मोठा हिस्सा घेतला. आपली इंडियन सुपर लीगही बंद दाराच्या, विकत घेतलेल्या संघांच्या धर्तीवर सुरू झाली. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. लीगचे व्यापारी हक्क एकाच कंपनीकडे पंधरा वर्षांच्या करारान्वये होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत आला, पुढची व्यवस्था ठरेना आणि हंगाम खोळंबला. एकाच आधारावर उभ्या राहिलेल्या इमारतीचे जे होते, ते दोन्हीकडे दिसले.

पुढची वाट

ऑस्ट्रेलियात आता काही पावले योग्य दिशेने पडत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप' ही दुसऱ्या फळीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तीत साउथ मेलबर्न, मार्कोनी, प्रेस्टन, वुलोंगाँग, सिडनी युनायटेड ५८ हे जुने क्लब पुन्हा देशाच्या पटावर आले. ज्यांची नावे पुसण्याचा आग्रह एकेकाळी झाला, त्यांनाच आता सन्मानाने बोलाविले गेले आहे. २०२४-२५ मध्ये दाखल झालेल्या ऑकलंड संघाने पहिल्याच हंगामात साखळीत अव्वल स्थान मिळविले. क्लबांनीही खर्चाला लगाम घालून तरुण खेळाडू घडविण्याकडे आणि परदेशी क्लबांना देण्याकडे अधिक लक्ष वळविले आहे.

पॅरामाउंटशी झालेला करार २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा. त्यापुढील करारात किती रक्कम मिळते, याकडे सर्वांचे डोळे लागणे साहजिक आहे. पण खरी कसोटी त्या आकड्याची नाही. मिळालेली रक्कम मैदाने, प्रशिक्षण आणि खालच्या क्लबांशी जोडणारी शिडी यांत जाते की पुन्हा चालू खर्चात मुरते, यावर पुढील वीस वर्षे ठरतील.

व्यवसायात गिऱ्हाईक, माल आणि भांडवल ही तीन अंगे मानली जातात. ऑस्ट्रेलियन सॉकरजवळ गिऱ्हाईक आहे, मालही आहे, भांडवलही अधूनमधून आले. या तिघांना बांधून ठेवणारा विश्वास तेवढा वेळोवेळी तुटत गेला. जुन्या क्लबांचा तुटला, मेलबर्नच्या प्रेक्षकाचा तुटला, वेतन थकलेल्या खेळाडूचा तुटला. भांडवल उभे करायला एक करार पुरतो. विश्वास उभारायला अनेक हंगाम सचोटीने काढावे लागतात, आणि ते काम ऑस्ट्रेलियाला आता शिस्तीने करायचे आहे.